बाटल्यांची आंघोळ

मराठी घरात काचेची बाटली मरत नाही. जॅम संपतो, कॉफी संपते, मधाचा शेवटचा थर कुणीतरी बोट घालून चाटून टाकतं आणि तिथून बाटलीचा खरा संसार सुरू होतो. आधी ती जिऱ्याची होते, मग मेथ्यांची, मग केव्हातरी लागेल म्हणून आणलेल्या तुरटीची. अगदी थकली की तिच्यात खिळे, वॉशर आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या राहायला येतात. आमच्या कोथरूडच्या घरात एक बाटली आहे, ती आमच्या लग्नापेक्षा सहा महिन्यांनी मोठी आहे आणि अजून तिच्या काचेला तडा नाही.

या पुनर्जन्माच्या आड एकच गोष्ट येते, ती म्हणजे लेबल. मेथ्यांच्या बाटलीवर कॉफीचं चित्र असलेलं आमच्या हिला चालत नाही. त्यामुळे बाटली रिकामी करायचं काम घरातले सगळे मिळून करतात आणि लेबल काढायचं काम मी करतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही मुळशी तालुक्यातल्या रिह्याला दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. चांदणी चौक ओलांडायचा, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकायचं, घोटावडे फाट्याला उजवीकडे वळायचं आणि घोटावड्यावरून पुढे. आजूबाजूला भातखाचरं, त्यांच्या मागे डोंगर आणि डोंगरापलीकडे हिंजवडी. म्हणजे एका अंगाला इंद्रायणीची लावणी चालते आणि दुसऱ्या अंगाला सर्व्हर. मधल्या पट्ट्यात आमच्यासारख्यांची घरं आणि आमच्यासारखे नसलेल्यांचे बंगले. या बंगल्यांचे मालक शनिवारी येतात, रविवारी जातात आणि सोमवारी त्यांचा राखणदार आमच्या ओट्यावर एक गोणी आणून ठेवतो. हिने त्याला सांगूनच ठेवलंय की काच टाकायची नाही.

गेल्या संक्रांतीला हिने ठरवलं की रथसप्तमीचं हळदीकुंकू रिह्यात करायचं आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत. घरी केलेलं आवळ्याचं सरबत द्यायचं, काचेच्या बाटलीतून. एकतीस बायका, एकतीस बाटल्या. गोणीत हात घालून तिने एक बाटली वर काढली, उन्हात धरली आणि म्हणाली, "अहो, किती छान आहेत या चपट्या बाटल्या! एकसारख्या मापाच्या."

मी गप्प बसलो. हिच्या माहेरी चपटं हे विशेषण नाकापलीकडे कुणी कशाला लावलेलं नाही.

बाटल्या कसल्या आहेत हे तिला कळत नव्हतं असं नाही. पुढे सोनेरी अक्षरं होती आणि मागे मद्यपानाने आरोग्याचं काय होतं ते छापलेलं होतं. पण तिचं म्हणणं असं, की बाटलीचा काय दोष? चांगल्या उकळून घेऊ. लेबल काढलं की ती नुसती बाटली. तेव्हा लेबलं तेवढी काढून द्या.

एकतीस बाटल्या, पुढचं एक आणि मागचं एक. म्हणजे बासष्ट लेबलं. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे हा गुणाकार मला ताबडतोब आला. त्याचा अर्थ कळायला दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी मी घंगाळात कोमट पाणी घेऊन बाटल्या बुडवल्या आणि चहा प्यायला गेलो. तासाभराने कागद पाण्याखाली शेवयांसारखा गोळा होऊन हाताला आला. मी विजयी मुद्रेने बाटली पुसायला पंचा घेतला, तर पंचा बाटलीला चिकटला. कागद गेला होता, त्याचा चिकटा जागच्या जागी होता. दिसत मात्र नव्हता, आणि हीच त्याची खोड. स्वच्छ झाली म्हणून बाटली ओट्यावर ठेवावी, तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर धूळ, पंच्याची दशी, दोन मुंग्या आणि माझा एक केस यांचं मिळून नवं लेबल तयार व्हायचं. चौकोन मूळ मापाचाच.

पाण्याने निघेल असं मला वाटलं, त्याला माझं बालपण कारण आहे. आमच्या वेळी डॉक्टरकडे जाताना बाटली घरून न्यावी लागायची. कंपाउंडर तिच्यात गुलाबी औषध भरायचा, मग कागदाची एक उभी पट्टी घेऊन कात्रीने तिला दोन्ही कडांना दातरे पाडायचा आणि डिंकाने बाटलीवर डकवायचा. एक दातरा म्हणजे एक डोस. घरी आल्यावर ओल्या हाताने बाटली चार वेळा धरली की पट्टी बोटाशी यायची आणि पुढचे डोस आई अंदाजाने द्यायची. डिंक बाभळीचा, त्याला पाणी दिसलं की तो विरघळणारच. पतंगाला लागायची ती खळ मैद्याची नाहीतर चिंचोक्याची. आणि पाकीट बंद करायचं असेल तर डिंकाची बाटली शोधण्यापेक्षा ताटातलं भाताचं शीत सोपं. आंबेमोहोराचं एक शीत बोटाने दाबून फिरवलं की मामाला लिहिलेलं पत्र बंद. रिह्याच्या या खोऱ्यात भाताला तोटा नाही, त्यामुळे इथे डिंकाचा खप कधी फार झाला असेल असं वाटत नाही. या सगळ्या चिकटवण्यांत एक सभ्यपणा होता. पाणी लावलं की त्या उठून जायच्या.

लेबलाला हे बळ आलं ते अमेरिकेत. 1935 साली लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी नावाच्या गृहस्थाने पाणी, थुंकी किंवा इस्त्री न लावता चिकटणारं लेबल तयार केलं. जवळ पैसे नव्हते. होणाऱ्या बायकोकडून शंभर डॉलर घेतले आणि कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, शिवणयंत्राचे भाग असं काहीबाही जोडून लेबलं कापायचं यंत्र उभं केलं. इथवर मला त्याच्याबद्दल आदर आहे. होणाऱ्या बायकोकडून पैसे काढणं सोपं नाही. पण पुढचं ऐका. हे लेबल दुकानदारांनी किमतीसाठी लावावं आणि गिऱ्हाइकाला ते वस्तूवर डाग न ठेवता सहज काढता यावं, ही त्याची जाहिरात होती, आणि म्हणून त्याने कंपनीचं नाव ठेवलं 'कम क्लीन'. म्हणजे स्वच्छ निघून येणारं. इंग्रजीतला हा अर्थ मला पुतण्याने नंतर समजावला. तोवर मी ते आपल्या पद्धतीने वाचलं होतं, अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत: कमी स्वच्छ. अनुभव माझ्या वाचनाच्या बाजूने आहे.

तसं पाहिलं तर जुन्या बाटलीला लेबल लागतच नसे. आमच्या डोंगरांपलीकडे तळेगावला 1908 साली पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून. काच ही त्या काळी देशभक्तीची वस्तू होती आणि देशभक्तीला कुणी स्टिकर लावत नाही. तेव्हा बऱ्याच बाटल्यांवर नाव ओतताना साच्यातच उमटवायचे. नाव जायचं नाही, बाटलीही जायची नाही, दोघं मिळून परत यायची आणि पुन्हा भरून निघायची. आजही जी बाटली कारखान्यात परत यायची असते तिचं लेबल मुद्दाम कच्च्या खळीने लावतात, कारण तिथे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ते सुटून यावं लागतं. न सुटणारं लेबल कुणाला लावतात? जिचं तोंड पुन्हा बघायचं नाही, तिला. बनवणाऱ्याच्या हिशोबात ती बाटली रिकामी झाली की संपली. तिचं पुढे रिह्यात आवळ्याच्या सरबताशी लग्न ठरायचंय, याची त्याला कल्पना नव्हती.

आता हा चिकटा किती चिवट, त्याचा पुरावा आमच्या घरामागेच सापडला. एक गोणी आषाढापासून तिथे विसरून राहिली होती. मुळशीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. या पावसात छत्री ही फक्त हातात धरायची वस्तू असते. भिंतीला शेवाळ, चपलेला बुरशी, काडेपेटीला वैराग्य. चार महिने त्या बाटल्या या पावसात होत्या. कागद मातीला मिळाला होता, झाकणं गंजली होती, एका बाटलीत बेडकाचं पिल्लू सुखाने नांदत होतं. मी बाहेरून बोट लावलं. चिकटलं.

मग मी गॅसकडे वळलो. नव्या स्टीलच्या ताटाच्या बरोबर मधोमध दुकानदार जे स्टिकर लावतो (मधोमधच लावतो, काठाला लावलं तर ते आपल्याला खुपणार नाही अशी त्याला भीती असावी), ते काढायची एक युक्ती आपल्याकडे सर्वांना येते. ताट पालथं न घालता मागच्या बाजूने क्षणभर आचेवर धरायचं, की स्टिकर आपोआप सैल होतं आणि एका कोपऱ्याला धरून अख्खं निघतं. उष्णतेने चिकटा मऊ होतो, दुसरं काही नाही. ताटावर नाव घालून घ्यायच्या आधी हा विधी करायचा असतो. तेव्हा हेच बाटलीवर का करू नये, असा विचार करून मी पहिली बाटली आचेवर धरली. काचेला एका अंगाला गरम आणि दुसऱ्या अंगाला थंड हे सहन होत नाही, हे मी नववीत शिकलो होतो. स्वयंपाकघरात टच् असा आवाज आला तेव्हा आठवलं. एकतीसच्या तीस झाल्या. गोणीतून एक जादा घेतली आणि हिला सांगितलं नाही.

केस वाळवायचं यंत्र हे त्याच युक्तीचं सौम्य रूप. त्याची गरम हवा दोन मिनिटं मारली तर लेबल खरोखर बऱ्यापैकी सुटतं, कागदासकट आणि बिनबोभाट. एका बाटलीचं मी तसं काढलं आणि हर्षाने दुसरी उचलली. त्या दिवशी गुरुवार होता. दुरुस्तीसाठी वीज गेली ती संध्याकाळी आली.

लिंबाचा प्रयोग त्याच दुपारचा. लिंबाने सगळं निघतं असं आपल्याकडे मानतात, तांब्यापासून नजरेपर्यंत. मी सहा लिंबं पिळून रस चिकट्यावर चोळला. काही झालं नाही. हात मात्र स्वच्छ झाले. उरलेल्या रसाचं सरबत करून प्यायलो आणि सालं फेकली. पुतण्या नंतर म्हणाला, की फेकायचा तो रस होता. चिकट्यावर जे चालतं ते सालातलं तेल. साल चिमटीत दाबून मेणबत्तीवर धरलं की जे भुरकन पेट घेतं, तेच. म्हणजे मी गुन्हेगाराला सोडून साक्षीदाराला पिळत होतो.

हा पुतण्या केमिकल इंजिनिअर आहे आणि त्यामुळे हिंजवडीत सॉफ्टवेअर करतो. शनिवारी तो डोंगराला वळसा घालून माण-घोटावड्याच्या रस्त्याने आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसून त्याने चिकट्याचं शास्त्र सांगितलं. "काका, हा चिकटा तेलकट जातीचा आहे. त्याचं पाण्याशी जमत नाही, तेलाशी जमतं. जातवाला जातवाल्यातच विरघळतो."

"हे मला रसायनशास्त्राशिवायही माहीत आहे," मी म्हटलं. "आपल्याकडे निवडणुका होतात."

त्याने फोनवर एक व्हिडिओ लावला. गोडंतेल आणि खाण्याचा सोडा सारख्या मापाने घ्या, कालवा, गंधाइतकं दाट करा, चिकट्यावर लिंपा, अर्धा तास थांबा आणि मग घासा. तेल चिकट्यात मुरून त्याला फुगवतं आणि काचेवरची त्याची पकड ढिली करतं. सोड्याचे बारीक कण त्याला खरवडून काढतात. सोडा काचेपेक्षा खूपच मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. व्हिडिओतली बाई कुठल्या तरी परदेशातली होती आणि तिची बाटली मुळातच इतकी स्वच्छ होती की ती काय काढतेय ते कळत नव्हतं.

इतक्यात वरच्या आळीच्या मावशी ओट्यावरून चालल्या होत्या, त्या थांबल्या. "काय दादा, बाटल्यांना आंघोळ घालताय व्हय?"

मी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी एक बाटली उचलली, अंगठा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "त्याल लावा आन् राखंनं घासा. काथ्या घ्या नारळाचा. त्यात काय हाय एवढं?"

पुतण्याने व्हिडिओ थांबवला. चुलीतल्या लाकडाच्या राखेत सोड्याच्या जवळचेच क्षार असतात आणि ती तितकीच बारीक व मऊ, असं त्याने मला हळू आवाजात सांगितलं. म्हणजे हिंजवडी आणि वरची आळी यांचं उत्तर एकच होतं. फरक इतकाच, की मावशींकडे ते इंटरनेटच्या आधीपासून होतं आणि मी त्यांना आठ दिवस विचारलं नव्हतं. त्यांनी रॉकेलचंही नाव घेतलं. रॉकेलने चिकटा लगेच जातो हे खरं आहे, मी नंतर एका बाटलीवर पाहिलं. पण चिकटा जातो आणि रॉकेल राहतं. ती बाटली आता फिनेलला दिली आहे आणि फिनेलला रॉकेलचा वास येतो.

आता प्रश्न तेलाचा. घाण्याचं शेंगदाणा तेल दारूच्या बाटल्यांना चोळायला ही देईल, हे शक्यच नव्हतं. "बाजूला ठेवलेलं तळणीचं तेल घ्या," ती म्हणाली. संक्रांतीत तिळाच्या करंज्या आणि त्यानंतर पुतण्या आला म्हणून कांदाभजी, अशा दोन तळण्यांतून गेलेलं ते तेल मी सोड्यात कालवलं आणि साठ लेबलांच्या खुणांवर (दोन तेवढी यंत्राने निघाली होती) एकेक करून लिंपलं. अर्ध्या तासाने काथ्याने घासलं. आणि सांगायला आनंद वाटतो की निघालं. बोटाखाली त्याच्या सुरळ्या व्हायला लागल्या, शाळेत खोडरबराच्या व्हायच्या तशा. त्या सुरळ्या सुटताना जे सुख होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुतण्या एका बाटलीवर थांबणार होता, त्याने अकरा केल्या. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि शेवटी हिची उकळी. तीन उकळ्या होईपर्यंत बाटल्यांना भज्यांचा वास येत होता, मग तोही गेला.

ओट्यावर एकतीस बाटल्या ओळीने उन्हात उभ्या होत्या. आतून-बाहेरून लख्ख. सोनेरी अक्षर नाही, इशारा नाही, चिकट्याचा ठिपका नाही. हिने त्यात सरबत भरलं आणि वर स्वतःच्या अक्षरातलं लेबल लावलं: 'आवळा सरबत, घरगुती'. ती लेबलं पौड रोडवरच्या दुकानातून आणलेली, मागचा कागद सोलून चिकटवायची. मी काही बोललो नाही. मागे एकदा गप्प बसून फायदा झाला होता.

हळदीकुंकू झकास झालं. अडचण आली ती एकीचीही नजर लेबलाकडे न गेल्यामुळे. वाण हातात पडलं की प्रत्येकीचा हात क्षणभर थांबायचा. तळहाताला तो घाट ओळखीचा होता. कुणी ओठ मिटून हसलं, कुणी बाटली पटकन पदराखाली घेतली. वरच्या आळीच्या मावशींनी ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, ह्ये आमच्या म्हाताऱ्याच्या कोपरीच्या खिशात बराबर बसायचं बघा. लेबल न्हाई म्हनून काय झालं, मी अंधारात वळकंल."

आठ दिवस मी चिकट्याशी झगडलो, त्यातला कणही शिल्लक ठेवला नाही, आणि बाटली आकारानेच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा पारावरच्या चौघांनी मला रामराम घातला. एरवी घालत नाहीत. त्यातल्या एकाने खासगीत विचारलं, "सायेब, एकतीस? एकट्यानं?"

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत या खोऱ्यात अजून आहे. चैत्रात मी एकटाच रिह्याला गेलो होतो तेव्हा मावशींनी ती बाटली परत दिली, रानातल्या मधाने भरून. हिचं लेबल जसंच्या तसं होतं. मावशी म्हणाल्या, "तुमच्या बाईंचं अक्षर काय निघंना. त्यालबी लावलं. मग वरनंच डकवलं." त्यांच्या नातवाने वहीच्या कागदावर 'मध' असं लिहिलं होतं आणि त्यांनी तो चौकोन भाताच्या शिताने नीट दाबून बसवला होता.

पिरंगुटच्या घाटात गाडी दोनदा उसळली. घरी आलो, बाटली ओट्यावर ठेवली आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर ही बाटली दिव्यापुढे धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर स्वतःचंच लेबल वाचून आलेली काळजी होती.

"अहो, मावशींनी सरबत उघडलंच नाही का हो? तीन महिने ठेवून बघा कसं घट्ट झालंय. मी बेसिनमध्ये थोडं ओतून पाहिलं, ते खालीच जाईना."

'मध' लिहिलेला कागद दुसऱ्या दिवशी गाडीच्या सीटखाली सापडला. मागे वाळलेलं शीत होतं. नखाने उडालं.